शांतता राखीन असं मी लिहून दिलं

ते पत्र १९८२ च्या नोव्हेंबरात माझ्या हातात पडलं. पोस्टानं आलं नव्हतं. कारखान्यात माझ्या शेजारच्या बाकावर काम करणाऱ्या वेल्श बाईनं जेवणाच्या सुट्टीत ते माझ्या डब्याखाली सरकवलं. झेरॉक्सची झेरॉक्स, अक्षरं पार फिकट झालेली. १२ डिसेंबरला, रविवारी, ग्रीनहॅम कॉमनला या, तिथल्या लष्करी तळाला आपण बायकांनी हातात हात घालून वेढा घालायचा आहे, आणि या पत्राच्या दहा प्रती काढून दहा जणींना द्या, असं त्यात होतं.

लालबागला आमच्या चाळीत अशी पोस्टकार्डं यायची. देवीच्या नावानं लिहिलेली. अकरा जणांना पाठवा, नाही पाठवलीत तर घरात वाईट घडेल. आई ती वाचून सरळ बंबात घालायची. "देवी कधी धमकी देते का गं?" म्हणायची. हे पत्र मात्र मला टाकून देववेना. त्यातली भीती खरी होती, आणि इंग्लंडातल्या रेडिंगच्या माझ्या घरापासून सतरा मैलांवर तिच्यासाठी काँक्रीट ओतायचं काम चालू होतं.

१९७९ च्या १२ डिसेंबरला नाटो राष्ट्रांनी ठरवलं होतं की अमेरिकेची क्रूझ आणि पर्शिंग क्षेपणास्त्रं युरोपात आणून ठेवायची. त्यातली ९६ क्रूझ ग्रीनहॅमच्या वाट्याला आली. प्रत्येकाच्या टोकाला हिरोशिमावर पडला त्याहून कितीतरी मोठा अणुबॉम्ब. ही क्षेपणास्त्रं मोठ्या गाड्यांवर चढवून रस्त्यानं नेता यायची. वेळ आली की ती तळावर थांबणार नाहीत, आसपासच्या रानांत जाऊन लपणार. मग समोरचा नेम कशावर धरणार? आमच्याच मुलखावर. हे मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. नकाशा काढला, बोट ठेवलं, झालं.

वेल्श बाईची भाची पहिल्या पदयात्रेत होती. २७ ऑगस्ट १९८१ ला कार्डिफहून ३६ बायका निघाल्या, बरोबर चार पुरुष आणि काही मुलं. १२० मैल चालत ५ सप्टेंबरला ग्रीनहॅमला पोचल्या. मागणी साधी होती: क्षेपणास्त्रं आणण्यावर टीव्हीवर जाहीर चर्चा करा. कुणी दाद दिली नाही, म्हणून चौघींनी स्वतःला तळाच्या कुंपणाला साखळीनं बांधून घेतलं. दोन दिवसांसाठी आलेल्या बायका मग तिथंच राहिल्या. झाडांच्या ओल्या फांद्या वाकवून वर प्लास्टिक टाकलेल्या झोपड्या, उघड्यावर चूल, पाण्याला एक नळ.

आम्ही १९७५ पासून रेडिंगला. हे बस गॅरेजात फिटर, मी एका कारखान्यात सर्किटच्या पट्ट्यांना डाग द्यायचं काम करायची. मुलगा सहा वर्षांचा. पत्र यांना दाखवलं तर दोनदा वाचून घडी घातली आणि म्हणाले, "आपला नागरिकत्वाचा अर्ज पडलाय तिकडे. पोलिसांत नाव गेलं तर काय करशील?" मी म्हटलं, नुसती उभी राहून येते. यावर हे काही बोलले नाहीत. रविवारी मुलाला सांभाळेन एवढं मात्र म्हणाले, आणि सांभाळलंही.

मी का गेले, याचं खरं उत्तर त्या पत्रापेक्षा जुनं आहे. १९७२ च्या महागाईत मुंबईच्या बायका लाटणी घेऊन रस्त्यावर आल्या, तेव्हा माझी आई त्यांत होती. मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर, तारा रेड्डी पुढे, आणि मागे आमच्यासारख्या घरांतल्या बाया, ज्यांनी नवऱ्याला न विचारता चाळीबाहेर पाऊल टाकायची ती पहिलीच वेळ. आई घरी आली तेव्हा तिचा आवाज बसला होता आणि लाटण्याला एका बाजूनं चीर गेली होती. पुढे कित्येक वर्षं ती त्याच लाटण्यानं पोळ्या लाटत होती. आणि हे पत्र आलं त्या महिन्यात माझा भाऊ घरी बसून होता. गिरणी संपाचा तो अकरावा महिना. आईची पत्रं यायची, त्यात धान्याचे भाव आणि कोणाकोणाची बिऱ्हाडं गावी गेली याची यादी. अशा वेळी मी सातासमुद्रापलीकडे सुखात बसून, मला काय त्याचं, म्हणू शकत नव्हते.

दहा प्रती नाही काढल्या. चार काढल्या. दोन आमच्या गल्लीतल्या पंजाबी बायकांना दिल्या, एक मुलाच्या शाळेतल्या बाईंना, एक मंडळातल्या एका वहिनींना. वहिनींनी दुसऱ्या दिवशी परत आणून दिली.

कुंपणाला बांधायला स्वतःच्या जिव्हाळ्याची एखादी वस्तू आणा, असं सांगितलं होतं. मी बाळंतविड्यातलं झबलं घेतलं. आईनं तिच्या जुन्या लुगड्याचं, हातानं शिवून, मुंबईहून पाठवलेलं. मऊसूत, निळं, काठाची बारीक पट्टी गळ्याला लावलेली. मुलगा त्यात जेमतेम दोन महिने मावला होता.

त्या दिवशी थंडी होती आणि चिखल एवढा, की गमबुटात पाय घालून साडी वर खोचली तरी काठ लडबडला. गाड्या लांबवर उभ्या करून चालत जावं लागलं. बसेसची रांग संपतच नव्हती. कुंपण नऊ मैलांचं. उंच जाळी, वर काटेरी तार, आतल्या बाजूला तारेची आणखी वेटोळी. आणि त्या जाळीवर, नजर पोचेल तिथपर्यंत, लंगोट, फोटो, लोकरीचे मोजे, एके ठिकाणी लग्नाचा पांढरा झगा, शाळेच्या वह्यांतली चित्रं. लोकरीचे धागे या खांबापासून त्या खांबापर्यंत ओढून कोळ्याच्या जाळ्यासारखी नक्षी केलेली.

झबल्याचे बंद मी जाळीच्या भोकांतून ओवले. हातमोजे काढल्याशिवाय गाठ बसेना. तार इतकी गार होती की बोटांची जाणीव गेली. पलीकडे दहा पावलांवर एक सैनिक उभा होता, विशीचाही नसेल. तो झबल्याकडे बघत होता. माझ्याकडे नाही, झबल्याकडे. मी दुसरा बंद बांधेपर्यंत त्यानं मान फिरवली नाही.

मग हात धरायची वेळ झाली. माझ्या उजवीकडे वेल्श बाई, डावीकडे एक म्हातारी, जिच्या हातात संधिवाताच्या गाठी होत्या. आमच्या पट्ट्यात बायका विरळ होत्या, तेव्हा हात पुरेनात तिथं मफलरी धरल्या, मी शाल सोडून तिचं एक टोक पुढचीला दिलं. थोड्या वेळानं लांबून एक आरोळी आली, एका बाईच्या तोंडून दुसरीच्या तोंडी, आमच्यापर्यंत, आमच्या पुढे. वेढा पुरा झाला होता. तीस हजार बायका. मी त्यांतल्या दोघींचेच हात धरले होते, पण त्या आरोळीनं अंगावर आलेला काटा मला आजही आठवतो. अंधार पडल्यावर मेणबत्त्या लावल्या. परत येताना बसमध्ये कुणीच फारसं बोललं नाही.

यानंतर मी महिन्यातून एक-दोन रविवार छावणीवर जायला लागले. तळाच्या दरवाजांना बायकांनी रंगांची नावं दिली होती. मुख्य दरवाजा पिवळा, मग हिरवा, निळा, नारिंगी, असे इंद्रधनुष्याचे. प्रत्येक दरवाजावर वेगळी छावणी आणि तिचा वेगळा स्वभाव. कोणी पुढारी नाही, कोणी अध्यक्ष नाही. शेकोटीभोवती गोल बसायचं आणि एकेकीनं बोलायचं, दुसरीनं तोडायचं नाही. याला फार वेळ लागतो. सुरुवातीला मला वैताग यायचा. लालबागच्या सभेत असं चाललं असतं तर गिरणीचा भोंगा होऊन गेला असता. पण त्या गोलात मी आयुष्यात पहिल्यांदा इंग्रजीत सलग पाच मिनिटं बोलले आणि कुणी माझं वाक्य पुरं करून दिलं नाही.

शिकवणीही असायची. शहरातल्या एका प्रार्थनागृहाच्या खोलीत शनिवारी आम्ही वीसेक जणी जमायचो. निम्म्या जणी पोलीस व्हायच्या, निम्म्या रस्त्यावर बसायच्या. उचलायला आले की अंग सैल सोडायचं, पोत्यासारखं. ताठ अंग उचलायला सोपं जातं आणि झटापट होते, सैल अंगाला चौघं लागतात. वकिलाचा नंबर बॉलपेननं दंडावर लिहायचा, कागद हरवतो. कानातलं, केसांतले आकडे घरी ठेवायचे. मी मंगळसूत्राचं विचारलं. शिकवणाऱ्या बाईला ते काय ते कळलं नाही, दाखवल्यावर म्हणाली, हेही घरी. शेवटी ब्लाउजच्या आत, सेफ्टीपिननं टाचून ठेवायचं ठरलं.

या सगळ्यात कायद्याची एक गोष्ट माझ्या डोक्यात रुतून बसली. १९८३ च्या पहिल्या दिवशी, उजाडायच्या आधी, ४४ बायका शिड्या लावून कुंपण ओलांडून आत गेल्या आणि क्षेपणास्त्रांसाठी बांधलेल्या कोठारांवर फेर धरून नाचल्या. फेब्रुवारीत तळाजवळच्या न्यूबरी गावात खटला चालला. त्यासाठी १३६१ सालचा कायदा वापरला होता, सहाशे वर्षांपूर्वीचा. त्यात शिक्षा अशी सुनावत नाहीत. न्यायाधीश म्हणतो, शांतता राखीन अशी हमी लिहून दे आणि घरी जा. नाही दिलीस तर तुरुंग. ३६ जणींनी हमी द्यायला नकार दिला आणि १४ दिवसांसाठी तुरुंगात गेल्या. शांतता राखायला म्हणूनच तर आम्ही इथं आलो, मग शांतता मोडली असं कबूल कसं करायचं, हे त्यांचं म्हणणं.

मी हे भावाला पत्रात कळवलं. त्याचं उत्तर आलं की यात नवं काय, संपात आमच्या चाळीतल्या सात जणांकडून असाच मुचलका लिहून घेतला. आपल्या तेव्हाच्या फौजदारी प्रक्रिया संहितेतलं १०७ वं कलम त्याच जातीचं. काही केलं म्हणून नव्हे, तुम्ही काहीतरी कराल म्हणून आधीच शांततेची हमी. गिरणीत उपासमार चालू होती ती शांतता, आणि दारात घोषणा दिली की शांततेचा भंग. दोन देशांतल्या दोन कोर्टांत हाच शब्द, हाच अर्थ.

१४ नोव्हेंबर १९८३ ला पहिली क्षेपणास्त्रं विमानानं तळावर उतरली. संरक्षणमंत्री मायकेल हेसेल्टाइन यांनी संसदेत सांगितलं ते मी बाकावर बसून रेडिओवर ऐकलं. हातातली डागाची सळई पट्टीवर जास्त वेळ राहिली आणि पट्टी जळाली. त्या दिवशी मला पहिल्यांदा विचारावंसं वाटलं की आपण ज्या पट्ट्यांना डाग देतो त्या जातात कुठं. मुकादमाला विचारलं. तो म्हणाला, "ते तुझं काम नाही." हे उत्तर मी पुढची आठ वर्षं घेऊन त्या बाकावर बसले, कारण पगार लागत होता. हे मला इथं सांगितलंच पाहिजे.

डिसेंबरात ११ तारखेला आम्ही आरसे घेऊन गेलो. तळाला त्याचंच तोंड दाखवायचं होतं. पन्नास हजार बायका, कुणाकडे खिशातला आरसा, कुणी कपाटाचं दार निखळून आणलेलं. मी देव्हाऱ्यातला छोटा आरसा नेला होता. दुपारनंतर आमच्या बाजूच्या बायकांनी जाळीला हात घातला आणि एका तालात हलवायला लागल्या. पुढे, मागे. खांब वाकायला लागले. माझेही हात जाळीत होते. आतून सैनिक, बाहेरून पोलीस धावत आले आणि बोटांवर मारायला लागले. माझ्या बोटांवर फटका बसायच्या आधीच मी हात काढून घेतले.

भीती फटक्याची नव्हती. मला त्या क्षणी गृहखात्यातला अर्ज दिसला. एका गोऱ्या बाईला पकडलं तर ती दोन आठवडे तुरुंगात जाऊन येईल, बाहेर आल्यावर तिला फुलं मिळतील. मला पकडलं तर माझा, यांचा आणि मुलाचा या देशात राहायचा हक्क कुणाच्या तरी टेबलावर उघडला जाईल. लंडनमधल्या ग्रनविक या फोटो धुण्याच्या कारखान्यातल्या संपात जयाबेन देसाईंना आणि त्यांच्यासोबतच्या साडीतल्या बायकांना पोलिसांनी कसं वागवलं ते आम्ही सगळ्यांनी पाहिलं होतं. त्याला सहा वर्षंच झाली होती.

मी मागं झाले तेव्हा एक तरुण मुलगी माझ्याकडे बघून ओरडली, "थांब ना!" तिची चूक नव्हती. पण मी चिखलात उभी राहून रडले.

पुढच्या गोलात मी हे बोलून दाखवलं. म्हटलं, अटक करून घेणं सगळ्यांना सारखं परवडत नाही. जिचा पासपोर्ट दुसऱ्या रंगाचा आहे, जिचं मूल दुसरं कुणी सांभाळणार नाही, जिला सोमवारी कामावर गेलं नाही तर काढून टाकतील, तिलाही हा बॉम्ब नको आहे. तिनं कुठं उभं राहायचं ते सांगा. तुरुंगात जाऊन आलेली ती खरी आणि उरलेल्या मदतनीस, असं आपण म्हणायला लागलो तर कुंपणाच्या बाहेर आपणच एक कुंपण घालतोय. खूप वेळ कुणी बोललं नाही. मग एकेक जण बोलायला लागली. सगळ्यांना पटलं नाही. एक जण तर रागानं उठून गेली. पण त्यानंतर प्रत्येक कृतीच्या आधी आमच्या गटात कोण आत जाणार याच्या शेजारी कोण बाहेर राहणार याचीही यादी व्हायला लागली, आणि बाहेरच्या कामाला कुणी कमी लेखलं नाही.

बाहेरचं काम म्हणजे काय, तर वही. पकडलेल्या प्रत्येकीचं नाव, कुठं पकडलं, किती वाजता, कुठल्या गाडीत घातलं. मग चौकीबाहेर बसून राहायचं. सुटून येणारीला कोरडे मोजे, गरम चहा. तिच्या घरी फोन. तिच्या मुलांना शाळेतून आणायचं. १९८४ पासून छावणी उठवायला माणसं जवळजवळ रोज यायला लागली. अंथरुणं, भांडी, प्लास्टिक, सगळं कचऱ्याच्या गाडीत टाकून चिरडायचे. मग आम्ही पुन्हा प्लास्टिक न्यायचो, ब्लँकेटं न्यायचो. मी दर रविवारी मोठ्या पातेल्यात मसूरची आमटी आणि भात न्यायची. न्यूबरीतल्या काही दुकानांत आणि पबांत छावणीच्या बायकांना दाराबाहेर ठेवायचे, तेव्हा त्या पातेल्याचं मोल कळायचं.

आणि फोन. हे काम मला सगळ्यांत आवडलं. तळातून क्षेपणास्त्रवाहक गाड्या रात्री सरावासाठी बाहेर निघायच्या, सॉल्सबरी प्लेनच्या माळरानाकडे. मार्च १९८४ मध्ये पहिल्यांदा निघाल्या. त्या गुपचूप जाव्यात अशी लष्कराची इच्छा, आणि एकदाही गुपचूप जाऊ नयेत अशी आमची. दरवाजावरच्या बाईला हालचाल दिसली की ती धावत रस्त्यावरच्या फोनपेटीत जाऊन नाणं टाकायची. ती दोघींना सांगायची, त्या दोघी आणखी दोघींना. मी साखळीत तिसऱ्या फळीत होते. फोन आमच्या जिन्याखाली होता. रात्री एकला, दोनला वाजायचा. पहिल्या घंटीलाच उचलायचा, नाहीतर मुलगा उठतो. "निघाल्या. चार मोठ्या, दोन बंद, पुढे-मागे पोलीस." एवढंच. मी अंधारात उभी राहून माझ्या दोघींचे नंबर फिरवायची. अर्ध्या तासात दक्षिण इंग्लंडच्या पुलांवर, चौकांत, शेताच्या बांधावर बायका आणि पुरुष कंदील, फलक घेऊन उभे असायचे. मग मी स्वयंपाकघरात बसून राहायची. एकदा हे उठून आले, काही न बोलता दोन कप चहा केला आणि समोर बसले. त्या रात्रीनंतर फोन वाजला की कधीकधी हेच उचलायचे आणि आकडे लिहून घ्यायचे.

१९८६ च्या उन्हाळ्यात नागरिकत्वाचं पत्र आलं. सप्टेंबरात मी वेल्श बाईला म्हटलं, आता मी बसणार.

पहाटे पाचला गाड्या परत यायच्या वेळी आम्ही नऊ जणी दरवाजासमोरच्या रस्त्यावर बसलो. डांबर ओलं होतं. अंग सैल सोडायचं हे दहा वेळा शिकले होते, तरी खांद्याखाली परक्या पुरुषाचे हात आल्यावर आपोआप अंग ताठ झालं. मी डोळे मिटून आईच्या लाटण्याचा विचार केला आणि मग कुठं सैल झाले. गाडीत एका हवालदारानं विचारलं, "तू इथं काय करतेस?" बाकी आठ जणींना त्यानं हे विचारलं नाही. मी म्हटलं, इथं राहते.

कोठडीत सहा तास. नाव लिहून घेणाऱ्याला मी तीनदा स्पेलिंग सांगितलं, तरी चुकलंच. मला तेच दुरुस्त करून घ्यावंसं वाटत राहिलं. माझ्या नावानं गुन्हा लिहायचा तर माझं नाव तरी धड लिहा.

तारीख दीड महिन्यानं पडली. मी काय बोलायचं ते पाठ केलं होतं. हिरोशिमा, ९६ क्षेपणास्त्रं, गिरणीतला मुचलका, सगळं. कोर्टाच्या आदल्या रात्री मुलाच्या अंगावर कांजिण्या उठल्या. ताप एकशेतीन. यांची त्या आठवड्यात रात्रपाळी, रजा मिळेना. रेडिंगमध्ये आमचं सख्खं म्हणावं असं माणूस नाही. हमी नाकारली तर आठवडाभर होलोवेचा तुरुंग, हे वकिलानं आधीच सांगितलं होतं. पहाटे मी मुलाच्या कपाळावरची घडी बदलत ठरवलं.

वेल्श बाईचा पुकारा माझ्या आधी झाला. न्यायाधीशांनी विचारलं, एक वर्ष शांतता राखण्याची हमी देता का? ती म्हणाली, "मी ती आयुष्यभर राखत आलेय, तुमच्याकडून परवानगी घेणार नाही." सात दिवस. तिला बाजूच्या दारानं नेलं. मग माझं नाव, तेही चुकीचं. मला विचारलं. मी हो म्हणाले. शंभर पौंडांचा जातमुचलका, बारा महिने. पाठ केलेलं एक वाक्यही तोंडातून आलं नाही. कारकुनानं पेन दिलं आणि कुठं सही करायची तिथं बोट ठेवलं. मी इंग्रजीत सही करायची, पण त्या दिवशी का कोण जाणे, हात देवनागरीत गेला. कारकून त्या सहीकडे बघत राहिला. मग त्यानं टीपकागद लावला.

बाहेर येऊन मी एकाही बाईच्या डोळ्याला डोळा देऊ शकले नाही. माझ्याच तोंडून निघालं होतं की सगळ्यांना सारखं परवडत नाही. ते इतरांसाठी बोलताना सोपं होतं. सात दिवसांनी होलोवेच्या दाराशी मी मोजे आणि डबा घेऊन उभी होते. वेल्श बाईनं आधी विचारलं, "पोराच्या कांजिण्या सुकल्या का?"

त्या वर्षभर मी रस्त्यावर बसले नाही. फोन मात्र एकही रात्र चुकवला नाही.

८ डिसेंबर १९८७ ला वॉशिंग्टनमध्ये रेगन आणि गोर्बाचेव्ह यांनी करारावर सह्या केल्या. या जातीची सगळी क्षेपणास्त्रं मोडून टाकायची. ते आमच्यामुळे झालं का, यावर लोक अजून वाद घालतात. मला एवढं ठाऊक आहे की ती क्षेपणास्त्रं एकदाही कुणाच्या नकळत त्या दरवाजातून बाहेर गेली नाहीत. १९८९ च्या ऑगस्टात पहिली परत गेली, १९९१ च्या मार्चमध्ये शेवटची. पण त्याच १९८९ च्या ऑगस्टात, ५ तारखेला, छावणीवरच्या हेलन थॉमसचा रस्त्यावर पोलिसांच्या घोडे वाहून नेणाऱ्या मोटारगाडीचा धक्का लागून जीव गेला. वेल्सची मुलगी, २२ वर्षांची. १९९० मध्ये सर्वोच्च पातळीवरच्या न्यायमूर्तींनी ठरवलं की तळावर शिरण्याला गुन्हा ठरवणारे १९८५ चे नियमच बेकायदा होते, कारण ती जमीन गायरान होती आणि गावकऱ्यांचा तिच्यावर हक्क होता. गायरान हा शब्द मी वेल्श बाईला शिकवला. तिला तो फार आवडला.

यापुढची गोष्ट सांगायला मला जड जातं. ११ मे १९९८ ला पोखरणला स्फोट झाले, १३ तारखेला पुन्हा. त्या आठवड्यात एका मराठी घरी आम्ही जेवायला गेलो होतो. यजमानांनी पेढे वाटले. सगळे आनंदात, कुणीतरी म्हणालं आता जग आपल्याला मान देईल. माझ्या हातात पेढा होता. इंग्रजांच्या बॉम्बसमोर, अमेरिकनांच्या बॉम्बसमोर मी सोळा वर्षं उभी होते, तेव्हा मंडळी कौतुकानं म्हणायची, धाडसी बाई. आता मी पेढा ताटाच्या कडेला ठेवला आणि म्हटलं, मला जमणार नाही. ओल्या नजरेनं नाही, चांगलं ठणकावून म्हटलं. त्या घरानं पुन्हा कधी बोलावलं नाही. महिनाअखेरीला पाकिस्तानात चगाईला स्फोट झाले, तिथंही मिठाई वाटली गेली. गल्लीतली लाहोरकडची एक बाई संध्याकाळी माझ्याकडे आली, आम्ही दोघी स्वयंपाकघरात बसलो. तिनंही तिच्या घरी मिठाई खाल्ली नव्हती. आपल्या माणसांत बसून नको म्हणणं होलोवेपेक्षा अवघड आहे, आणि ते मी होलोवेला न जाता म्हणते आहे, याची मला जाणीव आहे.

पुढे कुंपण काढलं. एप्रिल २००० मध्ये ग्रीनहॅमचं माळरान लोकांसाठी पुन्हा खुलं झालं. हे तेव्हा निवृत्त झाले होते. एका सकाळी म्हणाले, चल, दाखव मला. अठरा वर्षांत ते एकदाही आत आले नव्हते, मला सोडायला यायचे तेही लांबच्या वळणापर्यंत.

धावपट्टीचं काँक्रीट उखडून नेलं होतं. पिवळी फुलं आलेली काटेरी झुडपं, चरणाऱ्या गाई. लांब त्या कोठारांचे गवत चढलेले उंचवटे, त्यांच्याभोवती मात्र जाळी अजून होती. यांनी विचारलं, "झबलं कुठं बांधलं होतंस?"

मी इकडे गेले, तिकडे गेले. हिरव्या दरवाजापासून किती पावलं, ओढा कुठल्या हाताला, सगळं मला तोंडपाठ होतं. पण तारच नव्हती, तर मोजायचं कुठून? हे एका ठिकाणी उभे राहून म्हणाले, "इथं असेल." मी म्हटलं, असेल. तिथंच गवतावर बसून आम्ही डबा उघडला. थालीपीठं अजून कोमट होती.